मुलगी आउटडोअर एज्युकेशन शिकली, तर पुढं काय?

सोलापूरच्या एका पालकांचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि तिला आउटडोअर एज्युकेशनमध्ये, म्हणजे मुलांना निसर्गात नेऊन अनुभवातून शिकवण्याच्या क्षेत्रात, जायचंय. ट्रेकिंगच्या नादात वर्षं वाया जातील का? हे शिकलेली माणसं पुढं करतात काय? आणि सोलापुरात डोंगरच नाही, तर इथं राहून या शिक्षणाचा उपयोग काय?

आधी उत्तर, मग तपशील. पाठीवर सॅक टाकून निवृत्तीपर्यंत मैदानातच राहिलेले लोक या क्षेत्रात थोडे आहेत. बहुतेकांची मैदानातली कारकीर्द पाच ते दहा वर्षांची असते. त्यानंतर ते शिक्षण, प्रशिक्षण, सुरक्षा, वन्यजीव किंवा अगदीच वेगळ्या कामात जातात. त्यामुळे "यात आयुष्यभर नोकरी आहे का" या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांसाठी "नाही" असंच आहे. पण दहा जणांची जबाबदारी डोक्यावर असताना, माहिती अपुरी असताना, वेळेत निर्णय घ्यायचा आणि तो का घेतला हे नंतर शांतपणे सांगायचं, ही सवय या शिक्षणातून लागते. ती पुढच्या कुठल्याही कामात सोबत राहते. दोराच्या गाठी विसरल्या तर पुन्हा शिकता येतात, ही सवय मात्र उशिरा लावायला गेलं की फार जड जातं.

एक गैरसमज आधी बाजूला करू. आउटडोअर एज्युकेशन आणि गिर्यारोहण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान आणि जहाजमालक लॉरेन्स होल्ट यांनी १९४१ साली वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्हीला आउटवर्ड बाउंड या शाळेची सुरुवात केली. जहाज बुडाल्यावर तरुण खलाशांनी हाय खाऊ नये, टिकून राहावं, हा एक मोठा हेतू त्यामागं होता. तिथं डोंगर हे साधन होतं, साध्य माणूस होता. १९६५ साली पॉल पेट्झोल्ट यांनी अमेरिकेत नॉल्स (नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूल) ही संस्था काढली, तीही नेतृत्व करताना लागणारा निर्णय शिकवायला. आपल्याकडं दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ सालची आणि उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट १९६५ सालची. या उत्तम संस्था आहेत, पण त्यांचा पाया गिर्यारोहणाचा. म्हणून आपल्याकडं शिकून आलेल्या मुलामुलींचे हात तयार असतात, पण तीस मुलांसमोर उभं राहून त्या अनुभवातून काही शिकवायचं कसं, ही बाजू कच्ची राहते. एडिनबरा विद्यापीठात या विषयात पदव्युत्तर पदवी मिळते. आपल्याकडं मात्र हे शिक्षण तुकड्यातुकड्यांनी जमवावं लागतं. हे तुकडे चार आहेत: मैदानातलं कौशल्य, प्रथमोपचार, शिकवण्याची कला आणि एक स्वतःचा विषय. मुलीकडं चौथा तुकडा, वनस्पतिशास्त्र, आधीच आहे. बाकीच्या तीन तुकड्यांसाठी धडपडणाऱ्या अनेकांकडं नेमका तोच नसतो.

कौशल्याचा मार्ग ठरलेला आहे. उत्तरकाशी, दार्जिलिंग, मनाली यांसारख्या ठिकाणी गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स साधारण २८ दिवसांचा असतो. त्यात 'ए' ग्रेड मिळाली तरच अ‍ॅडव्हान्स कोर्सला बसता येतं, तोही साधारण तितकाच लांब. अ‍ॅडव्हान्समध्ये पुन्हा 'ए' मिळाली, तर मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन, म्हणजे शिकवायचं कसं याचा सुमारे तीन आठवड्यांचा कोर्स. बेसिकला 'बी' मिळाली की पुढच्या कोर्सला बसता येत नाही. त्यामुळे "बघू कसं जमतंय ते" म्हणून बेसिकला जाऊ नये.

सपाट भागातून गेलेली मुलं तिथं दम कमी पडून मागं राहतात हे खरं, पण त्याहून जास्त पायांमुळे. नवे बूट घालून थेट कोर्सला जाणं, उताराची सवय नसल्यानं गुडघे धरणं आणि पंधरा किलोची सॅक पहिल्यांदा तिथंच पाठीवर घेणं, ही नेहमीची तीन कारणं. सोलापुरात याची तयारी होते. पार्क स्टेडियमच्या पायऱ्या किंवा एखाद्या उंच इमारतीचा जिना घ्या. पायरी १७ सेंटिमीटरची धरली, तर ५०० मीटर चढाईला सुमारे २,९४० पायऱ्या लागतात. पाच किलोपासून सुरुवात करून दर आठवड्याला एक ते दीड किलो वाढवावं. उतरताना घाई करायची नाही, कारण उताराचा भार पेलायला मांडीचे स्नायू उतरतानाच तयार होतात. वजनाला पाण्याच्या बाटल्या वापराव्यात. गुडघा कुरकुरला तर वर पोचल्यावर पाणी ओतून रिकाम्या सॅकनं उतरता येतं. कोर्सचेच बूट घालून किमान सहा आठवडे चालावं. पाच किलोमीटर अर्ध्या तासात पळता येणं हा अधिकृत निकष नाही, पण कामाचा अंदाज आहे.

प्रथमोपचाराचा तुकडा लोक टाळतात आणि तिथंच पुढं अडतात. शाळेत किंवा कंपनीत मिळणारं एका दिवसाचं प्रमाणपत्र पुरत नाही. रुग्णालय दोन-चार तासांवर असताना काय करायचं, हे शिकवणारा वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर कोर्स साधारण ७० ते ८० तासांचा असतो आणि त्याचं प्रमाणपत्र सहसा दोन-तीन वर्षांनी नव्यानं करावं लागतं. भारतात तो मोजक्या ठिकाणी होतो. मसुरीच्या वुडस्टॉक स्कूलचं हनिफल सेंटर त्यातलं जुनं नाव. आपल्या भागात काम करायचं तर हिमबाधेपेक्षा उष्माघात नीट कळायला हवा. सोलापूरचा पारा एप्रिल-मेमध्ये ४२-४३ अंशांवर जातो. दमलेला, घामाघूम, मळमळणारा पण नीट बोलणारा मुलगा सावलीत बसवून, पाणी आणि क्षारसंजीवनी देऊन सावरतो. तोच मुलगा असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर तो उष्माघात समजायचा. अंगाला घाम आहे म्हणून गाफील राहायचं नाही, कारण उन्हात धावताना झालेल्या उष्माघातात घाम असू शकतो. अशा वेळी तोंडानं पाणी पाजायचं नाही. १०८ ला फोन करायचा आणि गाडीची वाट बघत न बसता तिथंच अंगावर पाणी ओतून वारा घालायला लागायचं. गाडीत घालून पळवण्यात गेलेली पहिली वीस मिनिटं सगळ्यात महाग पडतात. साप चावल्यावर काय करायचं तेही असंच पक्कं हवं. दोरी आवळायची नाही, जखम कापायची नाही, अंगठी-कडं काढून चावलेला हात किंवा पाय हलणार नाही असा बांधायचा आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यायचं. वरवर हे आरोग्याचं ज्ञान वाटतं. पण घाबरलेल्या वीस जणांना कामं वाटून देत हे सगळं करायचं असतं, आणि हेच शिकणं पुढं हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, कारखान्याच्या सुरक्षा विभागात किंवा आपत्ती व्यवस्थापनात उपयोगी पडतं.

आता शिकवण्याबद्दल. इथं थोडं थांबायला हवं, कारण सोलापूरचं खरं भांडवल यातच आहे.

नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. आठवीची चाळीस मुलं डिसेंबरात तिथं न्यायची असं धरू. बहुतेक सहली एकाच कारणानं फसतात: निघतानाच "आज माळढोक बघायचा" असं सांगितलं जातं. ते पक्षी आता अगदी मोजके उरलेत, दिसायची शक्यता नगण्य. तासाभरानं मुलं कंटाळतात, शिक्षक ओरडतात आणि दिवस संपतो. शिकलेला माणूस पक्ष्याचं आमिष दाखवतच नाही, तो गवतापासून सुरुवात करतो. वनविभागाची परवानगी आधी घेतलेली असते. मुलांच्या दहा-दहाच्या चार तुकड्या, प्रत्येक तुकडीला एक प्रशिक्षित माणूस आणि शाळेचा एक शिक्षक. सकाळी सातच्या आत माळावर, साडेदहाला सावलीत. प्रत्येकाकडं दोन लिटर पाणी. कपडे मातकट रंगाचे, मोजे लोकरीचे नकोत.

मोज्यांचं कारण म्हणजे कुसळ. अभयारण्यात काही तोडायचं नसतं, पण गावाच्या गायरानातून चालून आलं की पायजम्याला पन्नासेक कुसळं टोचलेली असतात. तीच घ्यायची. एक वाळलेलं कुसळ तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा एक थेंब टाकायचा. पिळलेली शेपटी सुटू लागते आणि कुसळ हातावर गोल फिरतं. वाळलं की पुन्हा पीळ बसतो. रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन यांच्या आलटून-पालटून येण्यानं हे बी स्वतःला जमिनीत स्क्रूसारखं घुसवतं. हे आधी सांगायचं नाही. "याला शेपटी कशाला असेल?" एवढंच विचारून गप्प बसायचं. ते गप्प बसणं हे या धंद्यातलं सगळ्यात अवघड कौशल्य. नवा इन्स्ट्रक्टर पाच सेकंदांत उत्तर देऊन मोकळा होतो. मनात पंधरापर्यंत आकडे मोजायचे, तोवर कुणीतरी बोलतंच.

त्यानंतर चार मीटर सुतळीचा एक मीटर बाजूचा चौकोन करायचा. एक चराई होणाऱ्या गायरानात, एक चराई बंद असलेल्या कुरणाच्या कडेला. किती प्रकारची गवतं, किती उघडी माती, किती लेंड्या, एवढंच मोजायचं. मारवेल, पवन्या ही नावं तिथल्या मेंढपाळाला विचारायची. तो पाठ्यपुस्तकापेक्षा नेमकं सांगतो. दोन चौकोनांतला फरक मुलांच्या वहीत आकड्यांनी उतरला की चराईबद्दल वेगळं भाषण लागत नाही.

शेवटी गोलात बसून चर्चा, ज्याला या क्षेत्रात डीब्रीफ म्हणतात. डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ साली मांडलेलं चक्र इथं कामाला येतं: अनुभव, त्यावर विचार, त्यातून काढलेला निष्कर्ष आणि पुन्हा वापरून बघणं. प्रत्यक्षात बिघडतं ते असं, की "आज काय शिकलात?" असा प्रश्न येतो आणि मुलं "टीमवर्क" म्हणतात, कारण मोठ्यांना तेच ऐकायचं असतं हे त्यांना ठाऊक असतं. त्याऐवजी घडलेल्या एका क्षणावर बोट ठेवायचं. "दुसऱ्या चौकोनात तुम्हा दोघांचे आकडे जुळत नव्हते. मग कुणाचा आकडा लिहिला? का?" या प्रश्नातून मोजमाप, दादागिरी, मैत्री सगळं बाहेर येतं. वीस मिनिटांपेक्षा जास्त ताणायचं नाही आणि भूक लागायच्या आत उरकायचं.

दोन-तीन वर्षं हे काम केलेल्या माणसाची बोलण्याची पद्धत बदलते. तो आधी बघतो, मग विचारतो, मग थांबतो. पुढं शिक्षक झाला, समुपदेशक झाला, बँकेत शाखा सांभाळायला लागला तरी हे राहतं. घरच्यांना हा बदल लवकर दिसतो, कधीकधी त्रासदायकही वाटतो, कारण जेवणाच्या ताटावरही डीब्रीफ सुरू होतं.

निर्णयाचं प्रशिक्षण कसं होतं, याचं एक तांत्रिक उदाहरण पुरे. रॅपलिंगसाठी, म्हणजे दोरावरून कडा उतरण्यासाठी, दोर बांधताना दोन स्वतंत्र आधार घेतात आणि भार दोघांत वाटतात. आधारांकडून येणाऱ्या दोन्ही पट्ट्यांमधला कोन ६० अंशांचा असेल, तर प्रत्येक आधारावर भाराच्या सुमारे ५८ टक्के ताण येतो. कोन १२० अंश झाला की दोन्ही आधारांवर पूर्ण १०० टक्के ताण येतो, म्हणजे दुसरा आधार असून नसल्यासारखा. हे गणित पाठ असलेली मुलं खूप. पण संध्याकाळ होत आली आहे, खाली शाळेची बस हॉर्न देते आहे, शेवटच्या सहा जणांचं राहिलंय आणि कोन रुंद दिसतोय, अशा वेळी "थांबा, पुन्हा बांधतो" म्हणणारी थोडी. चांगल्या प्रशिक्षणात ही वेळ मुद्दाम आणली जाते. नळदुर्गसारख्या किल्ल्याच्या बुरुजाला दोर बांधायचा मोह होतो. संरक्षित वास्तूवर परवानगीशिवाय असं काही करायचं नाही, आणि जुन्या चिऱ्यांच्या आत काय सुटलंय ते बाहेरून कळत नाही. "नाही" म्हणायची दोन स्वतंत्र कारणं समोर असून हौशी मंडळी "होऊन जाईल" म्हणतात. होऊन जातंही, नव्व्याण्णव वेळा.

असे निर्णय टिपायला लॉगबुक, म्हणजे प्रत्येक कार्यक्रमाची नोंदवही, लागतं आणि ते पहिल्या दिवसापासून लागतं. तारीख, जागा, सहभागींची संख्या व वय, आपली भूमिका (सहभागी, सहायक की मुख्य), हवामान, थोडक्यात हुकलेला अपघात आणि बदललेला निर्णय, एवढे रकाने. चांगल्या संस्था मुलाखतीत शिखरांची उंची विचारत नाहीत. "मुख्य म्हणून किती दिवस? शेवटचा कार्यक्रम कधी आणि का थांबवलात?" असं विचारतात. ज्याच्या वहीत एकही कार्यक्रम थांबवल्याची नोंद नाही, त्याच्याकडं संशयानं बघितलं जातं, आणि ते बरोबरच आहे.

नोकरीच्या वाटा. अनुदानित शाळेत शिक्षक व्हायचं तर बी.एड. आणि पात्रता परीक्षा सुटत नाहीत, गिर्यारोहणाच्या प्रमाणपत्राला तिथं वजन नाही. मोठ्या निवासी व इंटरनॅशनल शाळांत मात्र आउटडोअर विभाग असतात आणि पदवी, प्रथमोपचार व लॉगबुक हे तिन्ही लागतं. पुणे-लोणावळा-मुळशी पट्ट्यात कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी आउटबाउंड प्रशिक्षण चालतं, कोलाडला राफ्टिंग. कंपन्यांचं काम पैसा देतं, पण शिकवण्याची धार बोथट करतं, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन वर्षांहून जास्त फक्त तेच करू नये. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानं आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी लावली. त्यामुळे प्रशिक्षित माणसांची आणि कागदपत्रं नीट ठेवणाऱ्यांची गरज वाढली. आयएसओ २११०१ हे सुरक्षा व्यवस्थापनाचं आणि २११०२ हे म्होरक्याच्या क्षमतेचं मानक ज्याला वाचून अंमलात आणता येतं, तो चाळिशीनंतरही या क्षेत्रात टिकतो. वनस्पतिशास्त्राच्या पदवीधरासाठी निसर्ग शिक्षण, गवताळ माळांचा अभ्यास, वनविभागाच्या मार्गदर्शकांचं प्रशिक्षण ही जवळची वाट. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सुचवलेत. पालक आणि मुख्याध्यापक दोघांनाही ते दिवस कसे भरायचे हा प्रश्न असतो. हिप्परग्याचा तलाव, मंगळवेढ्याचं ज्वारीचं शिवार, हातमाग, उजनीच्या पाणलोटातले हिवाळी पक्षी, एवढ्यावर दहाही दिवस आखता येतात.

पैशाचं गणित दिवसावर न करता वर्षावर करावं. फ्रीलान्स काम मुख्यतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि एप्रिल ते जून मिळतं. वर्षाला १३० दिवस काम धरलं आणि दिवसाला २,००० रुपये धरले, तर महिन्याची सरासरी २१,७०० च्या आसपास येते, खर्च आणि कर वजा न करता. दिवसाचा आकडा ऐकून हुरळलेली मुलं ऑगस्टमध्ये उधारीवर येतात. पावसाळ्याच्या महिन्यांसाठी दुसरं कौशल्य हवं: भाषांतर, शिकवणी, नमुने ओळखणं, काहीही. भविष्य निर्वाह निधी नसतो, तो स्वतः उभा करावा लागतो.

मुलींच्या बाबतीत एक व्यवहाराची गोष्ट. मुलींच्या तुकडीसोबत महिला इन्स्ट्रक्टर हवी, हे आता बहुतेक शाळा अट म्हणून घालतात आणि तशा प्रशिक्षित मुली कमी आहेत, त्यामुळे कामाची टंचाई कमी. अडचणी वेगळ्या. शनिवार-रविवार, दिवाळी आणि मे महिना घराबाहेर जातो. लग्नाच्या बोलण्यात हा मुद्दा येतोच, तो आधी उघडपणे मांडलेला बरा. काम स्वीकारताना स्वतंत्र तंबू, शौचालयाची सोय, दुसरी महिला सहकारी आणि रात्रीचा संपर्क क्रमांक लेखी मागावा. विचारल्यावर जो आयोजक नाक मुरडतो, त्याची सुरक्षेची वहीही कोरीच असणार.

शरीर झिजतं, गुडघे आणि कंबर आधी. पस्तिशीच्या आधी मैदानातले दिवस कमी करून आखणी-प्रशिक्षणाचे वाढवणं शहाणपणाचं. आणखी एक झीज कुणी बोलत नाही: सतत नव्या लोकांत पाच दिवस घट्ट नातं जोडायचं आणि सहाव्या दिवशी निरोप घ्यायचा. काही वर्षांनी माणूस घरच्यांशीही तसाच, पाच दिवस उत्साही आणि मग कोरडा वागू लागतो. ज्यांचं स्वतःच्या गावात एखादं सलग काम असतं, एक शाळा, एक माळ, एक तलाव वर्षानुवर्षं, ते यातून वाचतात. म्हणून सोलापूर सोडून जायची घाई नको.

आता लगेच करायचं ते असं. पदवी पूर्ण होऊ द्या. ती अर्धवट सोडून कोर्सला जाणं चूक ठरेल. या हिवाळ्यात तिनं ओळखीच्या एखाद्या शाळेसाठी एका दिवसाचा कार्यक्रम कुणा अनुभवी माणसाच्या हाताखाली सहायक म्हणून करावा आणि लॉगबुक उघडावं. चाळीस मुलांच्या गोंगाटात संध्याकाळी ती वैतागली की ताजी झाली, यावरून पुष्कळ कळेल. बेसिक कोर्सच्या जागा लवकर भरतात, मुलींच्या स्वतंत्र तुकड्यांचं वेळापत्रक संस्थेच्या संकेतस्थळावर पाहून पुढच्या हंगामाचा अर्ज आत्ताच करावा. वैद्यकीय तपासणी संस्थेच्याच नमुन्यात, हिमोग्लोबिनसह करून घ्यावी. ते कमी निघालं तर सुधारायला दोन-तीन महिने हातात हवेत. आणि वैयक्तिक अपघात विमा घेताना वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा. बऱ्याच पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात. एजंट तोंडी "सगळं कव्हर आहे" म्हणाला, तर त्याच्याकडून ते ईमेलवर लिहून घ्या आणि मगच हप्ता भरा.